वाचल्याशिवाय सही नाही

सार,

तुमचं शेवटचं रिटर्न अजून भरलेलं नाही. पोर्टलवर तुमच्या नावापुढे 'मयत' लागायला आणि काकूंचं नाव वारस म्हणून चढायला महिना गेला. मृत्यूचा दाखला, वारसाचा दाखला, तुमचं पॅन, काकूंचं पॅन. त्यातला एक कागद नीट दिसत नाही म्हणून परत आला, तेव्हा मी चिडले आणि सवयीनं तुमच्या खुर्चीकडे वळून म्हणाले, "बघा सार, तुमचा कायदा!" खुर्चीवर फायलींचा ढीग आहे. काकूंनीच ठेवलाय. रिकामी खुर्ची त्यांना बघवत नाही.

जुलै आहे. आपला, रिटर्न भरायचा हंगाम. खाली भांड्यांच्या दुकानात दिवसभर पातेली आदळतायत, जिन्यावर चपला साचतात, आणि वर येणारा प्रत्येक माणूस आधी तुमच्या फोटोकडे बघतो, मग माझ्याकडे, मग बाकावर बसतो. बाकाचा नियम मी मोडलेला नाही. जो आधी आला तो आधी. मागच्या पंधरवड्यात पापनाशमकडचे ते जमीनदार राव आले. त्यांच्या आधी बाकावर नारळ सोलणारा एक माणूस बसला होता. राव घड्याळ बघत बसले. फोटोत तुम्ही हसताय असं मला वाटलं. फोटो आधीपासूनच हसरा आहे, ते वेगळं.

हे मी मराठीत लिहितेय. "तमिळमध्ये भांड, इंग्रजीत रिटर्न भर, पण कधी चार ओळी मराठीतही लिही गे," असं म्हणायचात. आपल्या तंजावरी घरांत मराठी बोलतात सगळे, वाचणारे किती? देवनागरी मी हिंदीच्या परीक्षांसाठी शिकले, ती आज तुमच्या कामी येतेय. चुका असतील. तुमची पेन्सिल आता नाही, तेव्हा राहतील तशाच.

पहिल्या दिवशी मी केवढ्या तोऱ्यात आले होते! बी.कॉम. आमच्या घरातली पहिली पदवीधर. ही गोष्ट मी बसच्या कंडक्टरलासुद्धा सांगितली होती. तुम्ही प्रमाणपत्र बघितलंत, परत दिलंत, आणि बाकावरच्या एका म्हाताऱ्या बाईंकडे बोट केलंत. "त्यांना नोटीस आली आहे. वाचून दाखव." मी खडाखडा वाचली. कलम, पोटकलम, सगळं. बाई माझ्याकडे कौतुकानं बघत राहिल्या.

"काय कळलं, अम्मा?" तुम्ही त्यांना विचारलंत.

"पोरगी छान वाचते," त्या म्हणाल्या.

तुम्ही हसला नाहीत. नोटीस हातात घेतलीत आणि तमिळमध्ये सांगितलंत, "तुमच्या बँकेनं व्याजाचा एक आकडा सरकारला कळवलाय आणि तुम्ही वेगळा लिहिलाय. एवढंच विचारतायत. जेलबिल काही नाही." बाईंनी मोठा श्वास सोडला. तो श्वास त्यांनी नोटीस आल्या दिवसापासून धरून ठेवला होता. मला त्या दिवशी कळलं की मला वाचता येतं, पण वाचून दाखवता येत नाही.

तुमचा तो नियम तंजावरात सगळ्यांना ठाऊक होता. वाचल्याशिवाय सही नाही. रिटर्न कितीही छोटं असो, माणूस कितीही घाईत असो, तुम्ही एकेक ओळ त्याच्या भाषेत सांगायचात आणि शेवटी विचारायचात, "पटलं का?" मग पेनाला टोपण लावून खिडकीबाहेर बघत बसायचात. समोरच्याला घाई वाटू नये म्हणून. कुणी पटकन 'सरी, सरी', बरं बरं, म्हटलं तर पुन्हा पहिल्यापासून. सह्या गेल्या, ओटीपी आले, तरी वाचन सुटलं नाही. एकदा एका शिक्षिकेनं मोबाईल छातीशी धरून म्हटलं होतं, "सार, यात लिहिलंय की हा नंबर कुणालाही सांगू नका." तुम्ही म्हणालात, "बरोबर लिहिलंय. आधी ऐका. पटलं तर तुम्हीच टाईप करा. मी तिकडे तोंड करतो." आणि खरंच भिंतीकडे तोंड करून उभे राहिलात, शाळेतल्या पोरासारखे.

आपलं भांडणही तिथूनच सुरू झालं, नाही का? माझं म्हणणं, जो कायदा वाचून दाखवावा लागतो तो न्यायाचा कसा? तुमचं म्हणणं, जो कायदा एका ओळीत मावतो त्याची मला भीती वाटते. "दोन माणसांना एकच नियम लावणं सोपं असतं," तुम्ही म्हणायचात. "पण दोन माणसं सारखी नसतात. एकाच्या घरात आजारी आई आहे, दुसऱ्याच्या घरात नाही. त्या आईसाठी कायद्यात एक ओळ वाढते. अपंग मुलासाठी आणखी एक. तू ज्याला किचकट म्हणतेस ते कुणाचं तरी गाऱ्हाणं ऐकून घेतलेलं आहे."

"ज्याला गाऱ्हाणं करता येतं त्याचं," मी म्हणायचे. "आमच्या अप्पांचं कुणी ऐकलं?"

आणि मग ते पापनाशमचे राव. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून भाताचं नि नारळाचं सगळं बाजूला, आणि कर जवळजवळ शून्य. त्याच बाकावर त्यांच्याच पुतण्याची बायको, सरकारी शाळेत मास्तरीण, तिच्या पगारातून दर महिन्याला कापलेलं. "हे कुठल्या आईसाठी लिहिलंय?" मी विचारलं होतं. तुम्ही कान खाजवलात. "मेट्टूर धरणाचं पाणी वेळेवर सुटलं नाही तर त्रिभुज प्रदेशातल्या अर्ध्या गावांचं पीक जातं. लहान शेतकऱ्यानं फॉर्म कुठे भरत बसायचं?" "मग लहानासाठी लिहा! मोठा त्याच्या छत्रीखाली का उभा राहतो?" तुम्ही पेन खाली ठेवलंत. मग म्हणालात, "ही ओळ मलाही पटत नाही. पण राव माझे अशील आहेत, जरा हळू बोल." राव बाकावरच बसले होते. त्यांनी मला पुढच्या वेळी नारळ आणून दिले. अशी माणसं, कुणावर धड रागावता येत नाही.

अप्पांचं मात्र मी हळू बोलले नाही.

उद्या कुणी हे वाचलं तर त्याच्यासाठी सांगते, कारण तुम्हाला तर सगळं ठाऊक आहे, माझ्यापेक्षाही जास्त. माझे वडील स्वयंपाकी. आपल्या लोकांच्या मुंजी-लग्नांत डांगर आणि पिठलं त्यांच्याच हातचं. पण पोट चाललं ते एका मिलच्या कँटीनच्या कंत्राटावर. मिल त्यांचं बिल देताना कर कापून घ्यायची. कापायची ती पूर्ण बिलावर. त्यातले तांदूळ, डाळ, गॅस, दोन बायकांची मजुरी हे सगळं गेल्यावर अप्पांच्या हातात जे उरायचं त्यावर खरं म्हणजे एक पैसाही कर बसत नव्हता. रिटर्न भरलं असतं तर कापलेलं सगळं परत मिळालं असतं. वर्षाचे साताठ हजार. कुणाला ते काहीच नाहीत. आमच्या घरात तो माझा वर्षभराचा बसपास, वह्या आणि अम्माची औषधं.

दर वर्षी मिलकडून कापल्याचा कागद यायचा आणि अप्पा तो घेऊन मोपेडवरून तुमच्याकडे. तुम्ही वाचून दाखवायचात, फुकट. मग अप्पा त्या कागदाला लॅमिनेशन करायचे. खरंच! सात वर्षांचे सात कागद, प्लास्टिकमध्ये, ट्रंकेत, माझ्या मार्कशीटांच्या शेजारी. "सरकारी कागद आहे. माझं नाव छापलंय," म्हणायचे. पोंगलच्या साफसफाईत ते माझ्या हाती लागले. तोवर मला तुमच्याकडे काम करून दुसरं वर्ष लागलं होतं आणि असल्या कागदाचा अर्थ मला एका नजरेत कळत होता. मी फरशीवर बसून सात वर्षांची बेरीज केली.

दुसऱ्या दिवशी बाक भरलेला होता. मी जिन्यातूनच ओरडत आले. "तुम्ही वाचून दाखवलंत ना त्यांना? सगळ्या ओळी वाचल्यात? मग 'हे पैसे परत मिळतात' ही एक ओळ का गाळलीत? फी मिळणार नव्हती म्हणून?"

खालच्या दुकानातली पातेलीसुद्धा थांबली होती.

तुम्ही पेनाला टोपण लावलंत. "हो," म्हणालात. "गाळली. चुकलं माझं."

एवढंच. मला वाटलं होतं तुम्ही काही कारण सांगाल, ओरडाल, निदान 'बाहेर जा' म्हणाल. आठ दिवस मी तुमच्याशी कामापुरतंच बोलले. नवव्या दिवशी तुम्ही माझ्या टेबलावर एक मसुदा ठेवलात. उशीर झाला तो माफ करावा आणि परतावा द्यावा, असा अप्पांच्या नावचा अर्ज. तुमच्या हातचा, पेन्सिलनं. माझ्या इंग्रजीत मी तो कडक केला, तुम्ही पुन्हा मऊ केलात. "अधिकारीही माणूस आहे. त्याला हो म्हणायला जागा ठेव." जितकी वर्षं कायद्यात बसत होती तितक्यांचे पैसे आले, जुनी वर्षं बुडाली. अप्पांनी त्यातून एक अंडा, म्हणजे मोठा हंडा, घेतला, शंभर माणसांचा भात शिजेल असा. तुम्ही तो बघायला घरी आलात, बोटानं वाजवून बघितलात आणि म्हणालात, "सरकारचं पातेलं."

पण मी सोडलं नाही, सार. त्यानंतर कितीदा ऐकवलं मी तुम्हाला. तुम्ही कुणाला वाचून दाखवत असाल तर मी माझ्या टेबलावरून, "सार, ओळ गाळू नका हं." नव्या माणसाला ती गंमत वाटायची. तुम्ही मान हलवायचात, "नाही गे, नाही गाळत." एकदाही चिडला नाहीत. ते मला तुमच्या अपराधीपणाचं लक्षण वाटायचं. मी मनात म्हणायचे, बोचतंय ना, बोचू दे.

शेवटचं भांडण नव्या कायद्यावर. जाडजूड जुना जाऊन सुटसुटीत नवा आला, आकारणी वर्ष नावाचं प्रकरण गेलं. गेल्या वर्षीच्या कमाईला पुढच्या वर्षाचं नाव का, हे तुम्ही आयुष्यभर लोकांना समजावलंत, आणि एका फटक्यात ते ज्ञान निरुपयोगी झालं. तुम्ही हसत होतात, पण पेन्सिल घेऊन सगळा नवा कायदा वाचून काढलात. मी म्हटलं, "आता सोपं झालं. लोकांना आपली गरज उरणार नाही. हाच न्याय." तुम्ही म्हणालात, "भाषा सोपी झाली गे. माणूस फॉर्मपर्यंत पोचतो की नाही हे पुस्तकात नसतं." "म्हणजे?" मी विचारलं. तुम्ही डोळे चोळलेत. "उद्या बोलू. आज छातीत जरा जड वाटतंय."

डॉक्टरकडे चला म्हटलं मी. काकूंच्या हातची सुंठीची कॉफी पुरे म्हणालात. पहाटे काकूंचा फोन आला.

तेराव्याचा स्वयंपाक अप्पांनी केला. कुणी सांगितलं नव्हतं. पहाटेच तो अंडा मोपेडला बांधून घेऊन आले. पंगती उठल्यावर मागच्या अंगणात ते तळाची खरवड काढत होते आणि मी पाणी ओतत होते. मी म्हटलं, "याच पातेल्याच्या पैशांसाठी मी त्यांना काय काय बोलले होते."

अप्पा खरवडायचे थांबले. "तुज एक सांगायचं राहिलं गे. त्यांनी काही गाळलं नव्हतं."

मी तांब्या खाली ठेवला.

"पहिल्याच वर्षी सांगितलं होतं त्यांनी. रिटर्न भरू, पैसे परत येतील, मी भरतो, पैसे नको. मीच नको म्हटलं. तुझी शिष्यवृत्ती त्या तहसीलच्या दाखल्यावर होती. उत्पन्न कमी असल्याचा दाखला. मज वाटलं, इन्कमटॅक्सात एकदा नाव गेलं की कुणीतरी म्हणेल, हा तर टॅक्सवाला. दाखला गेला, तांदळाचं कार्ड गेलं, तुझं कॉलेज गेलं."

"पण तसं नसतं अप्पा! रिटर्न भरलं म्हणजे कर बसतो असं नाही. तेवढ्यानं दाखला जात नाही."

"तेच म्हणाले ते. मी विचारलं, कागदावर लिहून देता का, की पोरीची शिष्यवृत्ती जाणार नाही? मग म्हणाले, कायदा काय आहे ते मी लिहून देतो. तहसीलच्या खिडकीपलीकडचा माणूस काय म्हणेल ते नाही लिहून देऊ शकत." अप्पांनी हात पुसले. "खरं बोलले बिचारे. दुसरा कुणी असता तर देतो म्हणाला असता. दर वर्षी पुन्हा विचारायचे, आता भरू का? मी म्हणायचो, पोरीचं होऊ दे."

"आणि मी ओरडले तेव्हा? तेव्हा तरी मला सांगायचं!"

"मीच वचन घेतलं होतं, तू कॉलेजात होतीस तेव्हा. तुज कळलं असतं तर तू परीक्षा सोडून तहसीलदाराशी भांडायला गेली असतीस. आणि तू ओरडलीस, त्यानंतर मी गेलो होतो त्यांच्याकडे, आता सांगून टाकू म्हणून. म्हणाले, राहू द्या हो. रागात असली की ती चुका कमी करते."

मी हसले, सार. तेराव्याच्या दिवशी, खरकट्या पातेल्यापाशी. काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, काय जाहलं म्हणून. मग हसणं राहिलं बाजूला.

सात वर्षं दर वर्षी तुम्ही ती ओळ वाचलीत. आणि मी चार वर्षं तुम्हाला गाळणारा म्हणत राहिले. बाकावरच्या परक्या लोकांसमोर. 'चुकलं माझं' म्हणताना तुम्ही माझ्या वडिलांचं वचन पाळत होतात आणि मला वाटत होतं मी जिंकले. माझी माफी कुठे भरायची? तिच्यासाठी उशीर माफ करा असा अर्ज कुणाकडे द्यायचा?

भांडण मात्र मी सोडणार नाही, तुम्हालाही ते आवडणार नाही. तेव्हा ऐका. आपण दोघंही चुकलो. मी म्हणत होते, कायदा किचकट आहे म्हणून अप्पा फसले. तसं नाही. अप्पांना कायदा पहिल्याच वर्षी कळला होता, तंजावरातल्या सगळ्यात चांगल्या वाचणाऱ्याकडून. तुम्ही म्हणत होतात, कायद्यात प्रत्येक गाऱ्हाण्याला ओळ आहे. अप्पांसाठीही होती. पण तिच्यापर्यंत जाताना मधे एक खिडकी होती, आणि तिच्या पलीकडच्या माणसाला भिऊन त्यांनी आपल्या हक्काचे पैसे सोडले. श्रीमंत माणूस कायद्याला भीत नाही, त्याच्याकडे तुम्ही आहात. गरीबही कायद्याला भीत नाही. तो त्या खिडकीला भितो. तुम्ही त्या शेवटच्या संध्याकाळी हेच म्हणत होतात ना? फॉर्मपर्यंत पोचणं? आता उत्तर मिळणार नाही, तर मी हेच धरून चालते.

म्हणून एक नवीन नियम केलाय, तुमची परवानगी न घेता. अप्पांसारखा कुणी आला आणि भीतीनं नको म्हणाला, तर मी त्याच्याबरोबर त्या खिडकीपर्यंत जाते. गेल्या आठवड्यात त्या नारळवाल्याबरोबर गेले. तो मागे उभा राहिला, मी पुढे. मुलासाठी उत्पन्नाचा दाखला मिळाला. कामाचा अर्धा दिवस बुडाला. तुम्ही म्हणाला असतात, फी किती घेतलीस? दोन शहाळी.

आता तुमचं रिटर्न. संध्याकाळी बाक रिकामा झाल्यावर काकू वर आल्या, मोबाईल घेऊन. मी म्हटलं, "सगळं तयार आहे काकू. फक्त नंबर टाकायचा."

"वाचलंस का?" काकू म्हणाल्या.

"तुम्हाला सांगते ना."

"मज कशास? मोठ्यानं वाच. त्यांना ऐकू जाऊ दे."

मग मी वाचलं, सार. एकेक ओळ, आपल्या मराठीत. धंद्याची कमाई, इतकी कमी की मला लाज वाटली. कितीजणांकडून तुम्ही काही घेतलंच नव्हतंत. बँकेचं व्याज. बँकेनं त्यावर कापलेला कर. आणि शेवटी, परत मिळणारी रक्कम. थोडीशीच, पण तुमची.

काकू म्हणाल्या, "राहू दे गे. एवढ्याशासाठी कशास मागायचं? गेलेल्या माणसानं?"

"नाही काकू," मी म्हटलं. "ही ओळ गाळायची नाही."

काकूंनी फोटोकडे बघितलं. ओटीपी आला होता, मोबाईल त्यांच्या हातात थरथरून थांबला. मी तुमच्या पेनाला टोपण लावलं आणि विचारलं, "पटलं का, सार?"

काकूंनी मोबाईल उलटा करून टेबलावर ठेवला. "थांब जरा. त्यांना वेळ लागायचा."

मग आम्ही दोघी खिडकीबाहेर बघत बसलो. खाली दुकानदार पातेली एकात एक घालत होता. पहिल्या नंबराची मुदत संपली. दुसरा मागवला.